कर्ज कुणाचं आहे, ते आधी बघा

निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातून एका विडी कामगार ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

‘मी घरी विड्या वळते. मालक तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. दिवाळीच्या आधी पाठ धरली, तेव्हापासून घरीच आहेत. दोघांचे मिळून महिन्याला पंधरा हजार यायचे, आता माझे साडेपाच हजारच. गटातून दोन फायनान्स कंपन्यांचं आणि एका छोट्या बँकेचं कर्ज आहे. महिन्याचे हप्ते २,४५०, २,९०० आणि २,६५०. त्यातलं २,९०० वालं कर्ज माझ्या नावावर असलं तरी पैसे शेजारणीनं वापरले. सात महिने तिनं भरले, आता हात वर केलेत. त्याशिवाय दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दवाखान्यासाठी गावातल्या एकाकडून २०,००० घेतले, शेकडा पाचनं. त्याला बावीस महिने हजार-हजार दिले, मुद्दल तसंच आहे. त्याच्याकडं माझं रेशन कार्ड आणि सही केलेला कोरा चेक आहे. कंपनीचा वसुलीवाला रात्री साडेआठपर्यंत पायरीवर बसून राहतो. मुलीसमोर वाट्टेल ते बोलतो. भिंतीवर रंगानं नाव लिहीन म्हणतो. गल्लीत सगळे म्हणतात, सरकारनं कायदा केलाय, कर्ज माफ झालंय, कुणी भरू नका. जाऊबाई म्हणतात, कागलला बहिणीकडं जाऊन राहा, महाराष्ट्रात त्यांचं काही चालत नाही. यातलं खरं काय? कागद सगळे कानडी आणि इंग्रजीत आहेत, मला वाचता येत नाहीत. कधी कधी रात्री वाटतं, एकदाचं सुटावं यातनं.’

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यानंतरचं आहे. असा विचार पुन्हा मनात आला तर १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ नावाची सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. आणि कागलच्या बहिणीला आजच सगळं सांगा. तिच्याकडं पळून जाण्यासाठी नव्हे, तर घरात हे ओझं तुम्ही एकट्याच वाहताय म्हणून. ज्या कर्जांमुळं झोप उडाली आहे त्यातल्या एकाबाबत कायदा सरळ तुमच्या बाजूनं आहे, आणि बाकीच्यांबाबत तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही तुमच्या हातात आहे.

आता गल्लीतल्या बातमीकडं वळू. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. कर्नाटक सरकारनं १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सूक्ष्म आणि लहान कर्जांच्या वसुलीतली जबरदस्ती रोखण्यासाठी एक अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये विधिमंडळानं त्यावरचं विधेयक मंजूर केलं. राज्यपालांनी अध्यादेशाचा पहिला मसुदा परत पाठवला होता. दहा वर्षांची कैद आणि पाच लाखांचा दंड ही शिक्षा गुन्ह्याच्या मानानं फार आहे, असा त्यांचा एक आक्षेप होता. शेवटी शिक्षा तशीच राहिली: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दहा वर्षं. पेपरात, टीव्हीवर हीच दहा वर्षं गाजली. तुमच्या कामाची कलमं मात्र दुसरीच आहेत.

त्यातलं एक कलम असं सांगतं, की नोंदणी किंवा परवाना नसलेल्या सूक्ष्म कर्ज संस्थेनं वा सावकारी करणाऱ्यानं दुर्बल घटकातल्या माणसाला आधी दिलेलं कर्ज, व्याजासकट, पूर्ण फिटलं असं मानलं जाईल. त्याच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालय दावाही घेणार नाही. ‘कर्ज माफ झालं’ ही गल्लीतली बातमी इथून निघाली आहे. मात्र ‘नोंदणी नसलेल्या’ हा शब्द वाटेत कुठंतरी गळून पडला. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या बँका आणि फायनान्स कंपन्या यांच्या कर्जांना ही माफी लागू नाही. आणि तुमच्या चार कर्जांपैकी तीन, पत्रावरून दिसतं त्याप्रमाणं, तशाच संस्थांची आहेत.

राज्याच्या कायद्याला तिथं हात का घालता येत नाही, हा प्रश्न गटातल्या बायका विचारतील, म्हणून थोडक्यात सांगते. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०२२ रोजी निकाल दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या फायनान्स कंपन्यांना राज्याचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. एका शेतावर दोन राखणदार नकोत, असा त्याचा अर्थ.

‘कुणी भरू नका’ या सल्ल्याची मला भीती वाटते ती आंध्रामुळं. तिथं २०१० मध्ये कर्जदार बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं कडक अध्यादेश आणला. छळ थांबवणं गरजेचंच होतं. पण गावोगावी त्याचा अर्थ ‘आता भरायचं नाही’ असा लागला. वसुली जवळजवळ बंद पडली, कंपन्यांनी नवी कर्जं देणं थांबवलं. गरज काही थांबली नाही. कुणाच्या घरी बाळंतपण होतं, कुणाची म्हैस मेली होती, आणि अनेक बायकांना पुन्हा जुन्या सावकाराची पायरी चढावी लागली. पुढं रिझर्व्ह बँकेनं मालेगाम समिती नेमली. आज फायनान्स कंपन्यांना जे नियम आहेत, त्यांची सुरुवात तिथून झाली. ते नियम तुम्हाला कुणी सांगितलेले नाहीत, म्हणून आता तेच सांगते.

हे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारण कर्ज त्यांत येतं, म्हणजे तुमची तिन्ही कर्जं. हप्ता तुमच्या घरी येऊन नव्हे, दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी घ्यायचा. लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथं गेला नाहीत, तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, कर्जदाराचं नाव जाहीर करायचं नाही. भिंतीवर रंगानं लिहिणं याच शेवटच्या नियमात बसतं. वसुलीवाला ठेकेदाराचा असला तरी त्याच्या वागण्याला कंपनीच जबाबदार आहे. ‘तो आमचा माणूस नाही’ असं म्हणून तिला सुटता येत नाही.

आणखी एक, आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत देणं बंधनकारक आहे. तुम्ही सीमाभागात राहता, कचेरीतल्या कागदांची भाषा हा तुमच्या रोजच्या जगण्यातला काटा आहे, हे मला माहीत आहे. पण इथं तुम्ही कुणाकडं उपकार मागत नाही. मला मराठी कळतं, मराठीत कार्ड द्या, असं लेखी मागा. त्यावर किती कर्ज, किती व्याज, किती फी, विम्यासाठी किती कापले, किती भरले, किती उरले, सगळं असलं पाहिजे. विम्याचं नीट बघा. पुष्कळ गटकर्जांत विम्याचे पैसे आधीच कापून घेतलेले असतात. तुमच्या संमतीशिवाय कापले असतील तर ती तक्रार आहे. आणि दवाखान्याचा विमा काढलेला असेल, तर मालकांच्या दुखण्यासाठी तुम्ही तो मागितला का? कित्येक घरांत असा विमा असतो आणि कुणालाच पत्ता नसतो.

आता हप्त्यांचा हिशेब करू. नियम असा आहे, की घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्ज देताना तुमच्या घरात १५,००० येत होते. निम्मे होतात ७,५००. तुमचे तीन हप्ते मिळून ८,०००. गावातल्या माणसाचे हजार मी धरलेलेच नाहीत. म्हणजे ज्यानं शेवटचं कर्ज दिलं, त्यानं तुमचं उत्पन्न आणि आधीचे हप्ते नीट तपासले नाहीत, किंवा तपासूनही दिलं. एवढ्यानं कर्ज रद्द होत नाही, हे स्पष्ट सांगते. पण तुमच्या तक्रारीत हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. शिवाय फेडणं अवघड झालेले कर्जदार ओळखून त्यांच्याशी बोलायचं आणि पुढचा मार्ग सांगायचा, अशी व्यवस्था ठेवणंही या संस्थांवर बंधनकारक आहे. तेव्हा ‘घरातला कमावता माणूस आजारी आहे, मुदत वाढवा, हप्ता कमी करा’ हे मागायला लाजू नका. मालकांचे दवाखान्याचे कागद सोबत जोडा. मागणी मान्य होईपर्यंत जेवढं जमेल तेवढंच भरा, आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. जुनं फेडायला नवं कर्ज मात्र काढू नका, कुणी घरपोच आणून दिलं तरी.

शेजारणीचं कर्ज. इथं मी तुम्हाला आवडेल असं काही सांगू शकत नाही. कागदावर सही तुमची आहे, पैसे तुमच्या खात्यात आले, तेव्हा कंपनी तुमच्याकडंच मागणार. गटागटांत हे सर्रास चालतं. एकीचं नाव, दुसरीचा खर्च. पैशाची नड असताना शेजारणीला नाही म्हणणं किती कठीण असतं, तेही मी जाणते. पण तिनं सात महिने भरले, म्हणजे हे कर्ज आपलं आहे हे तिला मान्य आहे. गटातल्या दोन वडीलधाऱ्या बायकांना घेऊन तिच्याकडं जा. भांडायला नको, लिहून घ्यायला जा: किती घेतले, किती भरले, महिन्याला किती देईल. पाचशे म्हणाली तरी पाचशे लिहा. हप्त्याचे पैसे तिनं फोनवरून तुमच्या खात्यात टाकावेत, म्हणजे नोंद राहील. मध्ये कुणी दलाल असेल, अनुदान मिळेल असं सांगून त्यानं तुमच्या नावावर पैसे उचलायला लावले असतील, तर गोष्ट वेगळी. मग ती फसवणुकीची पोलीस तक्रार होते, आणि ती एकटीनं नाही, फसलेल्या सगळ्यांनी मिळून करायची.

गटातल्या बाकीच्या बायकांवर रागावू नका, एवढंच म्हणते. तुमचा हप्ता चुकला की मीटिंगमध्ये त्यांनाही बसवून ठेवतात. त्यांचीही चूल घरी वाट बघत असते.

आता गावातल्या त्या माणसाबद्दल. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरामागं पाच, वर्षाला साठ टक्के. २०,००० वर तुम्ही २२,००० दिलेत आणि तो अजून २०,००० मागतो. आपल्याकडं दामदुप्पट हा फार जुना न्याय आहे: व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. तुम्ही तीही हद्द ओलांडून बसला आहात.

त्याच्याकडं सावकारीचा परवाना आहे का, एवढाच प्रश्न आधी सोडवा. कर्नाटकात सावकारीचे परवाने सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातून दिले जातात. तिथं विचारा, आणि बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नव्या कायद्याखाली त्याची नोंद आहे का तेही विचारा. कुठंच नाव नसेल, तर वर सांगितलेलं कलम तुमच्यासाठी आहे. ते कर्ज कायद्यानं फिटलं. गल्लीतली बातमी या एका कर्जापुरती खरी निघाली, असं समजा. परवाना असला, तरी साठ टक्के व्याज त्याला घेता येत नाही. भरमसाट व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ पासून वेगळा कायदा आहे.

रेशन कार्ड आणि कोरा चेक ही त्याहून तातडीची गोष्ट. सरकारी योजनेचा लाभ ज्या कागदावर मिळतो तो कागद कर्जदाराकडून जबरदस्तीनं काढून घेणं, ही नव्या कायद्यानं जबरदस्ती ठरवली आहे. तारण म्हणून काही ठेवून घ्यायलाही बंदी आहे. मला विचाराल तर या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. ज्या घरात महिन्याला साडेपाच हजार येतात, तिथलं रेशन कार्ड अडकवणं म्हणजे ताटातलं अन्न ओढून घेणं आहे. पोलिसांना अशी तक्रार नाकारता येत नाही, असं कायद्यात लिहिलं आहे. उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी तर स्वतःहूनही गुन्हा नोंदवू शकतो. ठाण्यात एकटीनं जाऊ नका. बहिणीला किंवा विडी कामगारांच्या संघटनेतल्या कुणाला सोबत न्या.

तो ‘मी सावकार नाही, हातउसने दिले होते’ असं म्हणेल. म्हणू द्या. त्यानं आणखी कुणाकुणाला पैसे दिलेत, त्यांची नावं काढा. दरमहा हजार फोनवरून पाठवले असतील तर बँकेतून खात्याचा उतारा घ्या. बावीस महिने एकच रक्कम एकाच माणसाला गेली असेल, तर हातउसने म्हणणं त्याला जड जाईल. रोख दिले असतील तर तारखा आठवून वहीत लिहून काढा, शेजारी कोण उभं होतं तेही लिहा. कोऱ्या चेकसाठी बँकेत जाऊन त्या क्रमांकाचं पेमेंट थांबवायचा अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तरी त्यानं चेक टाकला आणि वकिलाची नोटीस आली, तर ती परत पाठवू नका. घ्या, आणि मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत उत्तर जाईल असं बघा. वकिलाला पैसे कुठून, असं तुमच्या मनात आलं असेल. विधी सेवा कायद्याप्रमाणं स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तुमच्या भागातल्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा.

कागलचं काय? कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून फायनान्सचं कर्ज मागं राहत नाही. ते तुमच्या आधारशी आणि कर्जाच्या नोंदीशी जोडलेलं आहे, आणि रिझर्व्ह बँकेचे नियम कर्नाटकात जे आहेत तेच महाराष्ट्रात. उलट तिकडं गेलात तर बेळगाव जिल्ह्यात मिळणारं नव्या कायद्याचं संरक्षण मागायला तुम्हीच जागेवर नसाल. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, की तिकडं २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकाराचे दरही सरकारनं ठरवले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. बेकायदा सावकारानं खरेदीखत करून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर जिल्हा निबंधकाकडं अर्ज करून ती परत मिळवता येते. बहिणीच्या शेजारपाजारी कुणाची अशी जमीन अडकली असेल तर हे त्यांना जरूर कळवा.

दोन्ही फायनान्स कंपन्या खरोखर नोंदलेल्या आहेत का, हे तेवढं पक्कं करायचं राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कंपन्यांची यादी आहे, आणि ‘सचेत’ नावाच्या पोर्टलवरही नाव टाकून बघता येतं. मोबाइल चालवणाऱ्या कुणाही शाळकरी पोराला दहा मिनिटांचं काम. कर्जाच्या कार्डावरचं कंपनीचं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर तसंच टाकायला सांगा. मोठ्या कंपनीच्या नावाला एखादा शब्द जोडून फसवणारेही असतात.

वसुलीवाल्याची तक्रार आधी कंपनीकडंच करायची. कार्डावर तक्रारीचा नंबर असतो, पण फोनवर थांबू नका, लेखी द्या. मजकूर एवढा पुरे:

‘मी आपली कर्जदार, कर्ज क्रमांक अमुक. आपला प्रतिनिधी अमुक तारखांना संध्याकाळी सहानंतर माझ्या घरी बसून राहिला, मुलीसमोर अपशब्द वापरले आणि माझं नाव भिंतीवर लिहिण्याची धमकी दिली. हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. यापुढे हप्ता गटाच्या ठरलेल्या जागीच घ्यावा. पतीच्या आजारपणामुळे घरचं उत्पन्न कमी झालं आहे. हप्ता कमी करून मुदत वाढवावी. कर्जाचं कार्ड आणि आजवरचा हिशेब मराठीत द्यावा.’

खाली सही, तारीख. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. कसं करायचं ते १४४४८ वर विचारा. मधल्या काळात तो माणूस पुन्हा रात्री आला आणि धमकावू लागला, तर तीस दिवस मोजत बसायचं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ११२ ला फोन लावा.

पहिलं काम मात्र रेशन कार्डाचं. बहिणीला बोलावून घ्या, दोघी मिळून त्या माणसाच्या दारात दिवसाउजेडी जा आणि कार्ड मागा. दिलं नाही, तर तिथूनच सरळ ठाण्यात जा. काय झालं ते मला कळवा. पुढचा अर्ज लिहायला अडलं तर कागदांचे फोटो पाठवा, आपण मिळून लिहू.